व्हेनिसला तीन रात्री आहेत ना, मग सॅन मार्कोच्या पलीकडे चला

प्रश्न: ताई, ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं इटलीला चाललोय. मी, मिस्टर, नववीतला मुलगा आणि सासूबाई. टूरवाले व्हेनिसला अर्धाच दिवस देतात म्हणून बुकिंग आम्हीच केलंय, तीन रात्री. पण व्हिडिओत बघावं तर सगळीकडे तेच, सॅन मार्को चौक, गोंडोला, मुरानोची काच. बाकी काय बघू? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, तिथे नुसते पूलच पूल आहेत म्हणे.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: तीन रात्री ठेवल्यात हे फार बरं केलंत. व्हेनिस बघावं ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, मधल्या वेळात दिवसापुरती आलेली सगळी गर्दी त्याच दोन-तीन रस्त्यांवर असते. हॉटेल मेस्त्रेत, म्हणजे समोरच्या जमिनीवरच्या गावात घेतलं असेल आणि अजून कॅन्सल होत असेल तर विचार करा. मेस्त्रे स्वस्त आहे, ट्रेनने दहा-बारा मिनिटांत बेटावर पोचता, सगळं खरं, पण रात्री दहानंतर गल्ल्या रिकाम्या होतात आणि नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत राहतो, ते सुख बेटावर झोपल्याशिवाय मिळत नाही. दोन रात्री तरी आत राहाच.

आता गुडघे. पूल चारशेच्या वर आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, त्यामुळे सासूबाईंना चालत सगळं गाव दाखवायचा हट्ट धरू नका. वापोरेत्तो म्हणून बोट असते, ती तिथली केएमटी, म्हणजे आपल्या कोल्हापूरची सिटी बस समजा. सध्या ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो आहे आणि तीन दिवसांचा पास ४५ युरो, तुम्ही पासच काढा. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून, म्हणजे मुख्य कालव्यातून, जवळजवळ प्रत्येक स्टॉप घेत जाते, स्टेशनवरून सॅन मार्कोला पाऊण तास लागतो. सकाळी लवकर बसा, जागा मिळाली तर बाहेरच्या बाजूला, दोन्हीकडचे वाडे एक पायरी न चढता बघून होतात. उंचावरून शहर बघायला सॅन मार्कोच्या मनोऱ्याखाली रांगेत उभं राहू नका. समोरच्या सॅन जॉर्जो माज्जोरे बेटावर जा, दोन नंबरच्या बोटीने एकच स्टॉप, तिथल्या चर्चच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि वरून सॅन मार्को सकट सगळं व्हेनिस समोर दिसतं.

गोंडोल्याचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे, माणशी नाही, अख्ख्या नावेचा. चौघांत वाटला तर करायला हरकत नाही. पण माझं मन खरं रमलं ते त्रागेत्तोत. नरसोबाच्या वाडीला नावेतून पलीकडे जातात ना, तसंच, ग्रँड कॅनॉलवर पूल चारच आहेत म्हणून मधेमधे लोकांना पलीकडे सोडणारी साधी नाव, दोन युरो, दोन मिनिटं, भाजीची पिशवी घेतलेली गावातली माणसं सोबत.

मुलाला सॅन त्रोवासोचा स्क्वेरो दाखवा, म्हणजे गोंडोला बांधायचा आणि दुरुस्तीचा कारखाना. आत सहसा सोडत नाहीत, पण कालव्याच्या अलीकडच्या काठावरून सगळं दिसतं, पालथ्या घातलेल्या काळ्या नावा आणि मागे लाकडी घर, ते घर डोंगरातल्या घरासारखं का दिसतं तर हे सुतार मूळचे डोंगराळ भागातून आलेले. गोंडोला ११ मीटर लांब असतो, आठ प्रकारची लाकडं वापरतात, आणि तो मुद्दाम वाकडा बांधतात! डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद, कारण नावाडी एकच आणि वल्हं एकाच बाजूला, नाव सरळ बांधली तर गोल गोल फिरत राहील. मी अर्धा तास काठावर उभी राहून तेच बघत होते, पोराला विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे लोक बघतच नाहीत. तिथे चौकाला काम्पो म्हणतात आणि बहुतेक काम्पोत मधोमध दगडी कोरीव कठड्याची, वरून झाकण घातलेली विहीर दिसते, लोक तिच्यावर बॅग ठेवून फोटो काढतात आणि जातात. ती नेहमीची विहीर नाही. चारी बाजूंनी खारं पाणी, मग प्यायचं कुठून आणायचं? तर चौक खणून खड्ड्याला चिकणमातीचा थर द्यायचा, आत वाळू भरायची, मधे विटांची नळी उभी करायची. पावसाचं पाणी चौकाच्या उतारावरून दगडातल्या भोकांतून आत जायचं, वाळूतून गाळून मधल्या नळीत साठायचं. १८८४ साली पलीकडच्या मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं तोवर शहर ह्यावर जगलं. विहिरीपासून दोन-चार पावलांवर ती भोकं असलेले पांढरे दगड अजून आहेत, खाली वाकून शोधा.

एक संध्याकाळ कान्नारेज्यो भागात घालवा. १५१६ साली ज्यू लोकांना जिथे कोंडलं ते घेट्टो इथेच, हा शब्दच इथून जगभर गेला. बाहेर पसरायची परवानगी नव्हती म्हणून माणसं वर वर बांधत गेली, त्यामुळे इथली घरं बाकी शहरापेक्षा उंच, सात-आठ मजल्यांची. तिथून ओर्मेसिनी आणि मिझेरिकोर्दिया इथल्या कालव्यांच्या काठाने सावकाश चाला.

आणि तोर्चेल्लो. बुरानोची रंगीत घरं बघायला सगळे जातात, तिथून बोटीने पाच मिनिटं पुढे हे बेट आहे आणि बरेच जण बुरानोहूनच परततात, मला फार वाईट वाटतं. व्हेनिसच्या आधी इथे मोठी वस्ती होती, आता मोजकी माणसं उरलीत. ६३९ साली स्थापन झालेलं चर्च आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीवर कयामतीच्या दिवसाचं भलं मोठं मोझेक, सोनेरी तुकड्यांचं, भिंत भरून. धक्क्यापासून कालव्याच्या कडेने सपाट वाट आहे, दहा मिनिटांची, सासूबाई आरामात येतील.

प्रश्न: २०१९ ला आमच्या घरात पुराचं पाणी होतं, त्यामुळे पाण्यातलं शहर म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आम्ही नोव्हेंबरात जाणार आहोत. तिथेही पूर येतो ना?
– कुंभार गल्लीतून

उत्तर: येतो, आणि तुमची भीती मला नीट समजते. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला तिथेही पाणी १८७ सेंटिमीटरवर गेलं होतं, १९६६ च्या १९४ नंतरचं सगळ्यात जास्त. पण आपला पूर आणि तो पूर वेगळा. आपल्याकडे धरणं आणि पाऊस, पंचगंगा फुगली की आठ-आठ दिवस उतरत नाही. तिकडे ती समुद्राची भरती, वारा मागून ढकलतो म्हणून चढते आणि काही तासांत उतरते. आपल्याला इशारा ३९ फूट आणि धोका ४३ फूट पाठ असतं, तसा तिथल्या लोकांना ११० सेंटिमीटरचा आकडा पाठ असतो. तेवढा अंदाज आला की सायरन वाजतो, पाणी जितकं जास्त तितके सूर वाढत जातात.

ऑक्टोबर २०२० पासून समुद्राचं पाणी आत येतं त्या तिन्ही तोंडांवर मोझे नावाचे दरवाजे चालू झालेत. ७८ पोकळ पिवळे दरवाजे, एरवी पाणी भरून तळाशी झोपलेले असतात, मोठी भरती येणार कळलं की आत हवा सोडतात, पाणी बाहेर पडतं आणि ते एका बाजूने उचलले जाऊन भिंतीसारखे उभे राहतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे बघत मोठे झालेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. त्यामुळे २०१९ सारखं पाणी आता शहरात शिरू देत नाहीत. सॅन मार्को चौक सगळ्यात सखल, तिथे कमी भरतीलाही पावलं भिजतात, मग चालायला फळ्यांचे रस्ते टाकतात. पावसाळी चप्पल घेऊन जा, बस.

एक बघाच. दुकानांच्या दारांना दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा असतात आणि पाण्याचा इशारा आला की मालक गुडघाभर उंचीची पत्र्याची फळी त्या खाचेत वरून सरकवतो आणि दाबून बसवतो. मी पहिल्यांदा एका म्हाताऱ्या काकांना ते करताना बघितलं तेव्हा मला बंधाऱ्यात पाणी अडवायला बरगे, म्हणजे फळ्या, घालतानाचीच आठवण झाली. त्यांनी रबराच्या कडेवरून बोट फिरवलं, कुठे फट राहिली का बघितलं, मग आत जाऊन खालच्या फळीवरचं सामान वरच्या फळीवर ठेवायला लागले. तुमच्या घरच्यांनी २०१९ ला हेच केलं असेल.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, चहा-बिस्किटावर दिवस काढायचे का?
– ताराबाई पार्क

उत्तर: अजिबात नाही. पिझ्झा, पास्ता, तिकोनी सँडविच, पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उपमाच, सगळं मिळतं. मटार-भाताला रिझी ए बिझी म्हणतात, पण त्यात डुकराचं मांस किंवा मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून आधी विचारा. शेंगदाणा चटणी सोबत असू द्या, पोलेंत्यावर छान लागते.

प्रश्न: आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री इटलीत आहे असं आजोबा सांगायचे, व्हेनिसहून जाता येईल का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर: आजोबा बरोबर सांगायचे. छत्री फ्लॉरेन्सला आहे, व्हेनिसहून फास्ट ट्रेनने सव्वादोन तास. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला महाराज तिथे वारले, वय जेमतेम वीस, आणि आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. कॅशिने नावाच्या लांबलचक बागेच्या अगदी टोकाला जा, स्टेशनपासून चार-पाच किलोमीटर, तिथे घुमटीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. घुमटी मेजर मँटची, ज्याने नंतर आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचा आराखडा काढला. जवळच्या नदीवरच्या पुलालाही ‘इंडियानो’ म्हणतात, टॅक्सीवाल्याला तेवढं सांगितलं तरी पोचवतो. आम्ही गेलो तेव्हा जॉगिंग करणारी दोन माणसं सोडून कोणी नव्हतं. फुलं स्टेशनजवळूनच घेऊन जा, बागेत मिळत नाहीत.