लिफाफ्यात नोटा घालू नकोस

प्रिय मित्रा,

बोनसमधले पंचवीस हजार दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी द्यायचेत, ते एएला द्यावेत का, असं विचारलंस. ते घेणार नाहीत. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट. त्यांची परंपराच आहे, बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही. सभेला येणारेच ऐपतीप्रमाणे टाकतात, खोलीचं भाडं नि चहा त्यातून निघतो. देणाऱ्याला नकार जरा लागतो. लागू दे.

उपचार केंद्रांची गोष्ट वेगळी. आपल्याकडचं मुक्तांगण १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं, तेव्हा पुलं आणि सुनीताबाईंची देणगी पाठीशी होती. अशा ठिकाणी जाऊन एवढंच विचार, 'या घडीला पैसे कशाला कमी पडतात?' उत्तर बहुतेक कंटाळवाणं मिळेल: समुपदेशकाचा पगार, न परवडणाऱ्याची फी. तिथंच दे, आणि एकदम नको, महिन्याला दोन-दोन हजार दे. पगार दर महिन्याला करावा लागतो ना. (देणगीवरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि दोन हजारांच्या वर रोख दिलीस तर तीही नाही. तेव्हा ऑनलाइन भर, पावती घे.)

घरच्यांना विसरू नकोस. हातावर पोट असलेला माणूस महिनाभर आत राहिला की रोजी बुडते. त्या महिन्याचा किराणा, पोरांची फी कुणी भरली तर निम्मे लोक पळून यायचं कारण शोधणार नाहीत, असं माझं मत.

आता माझा मूर्खपणा ऐक. आमच्या गल्लीतला एकजण उपचार घेऊन आला. टेम्पोचं लायसन्स संपलं होतं. मी लिफाफ्यात दोन हजार घातले, वर 'लायसन्स' लिहिलं आणि त्याच्या हातात दिले. कोपऱ्यावर दुकान आहे हे मला काय माहीत नव्हतं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको दारात. बोलली काहीच नाही. लिफाफा घडी घालून कठड्यावर ठेवला नि गेली. माझंच अक्षर, आत काही नाही. नुकत्या सावरलेल्या माणसाच्या खिशात मी दोन हजारांचा मोह ठेवला होता, आणि वर स्वतःला दानशूर समजत होतो.

पुढच्या खेपेला मीच त्याच्याबरोबर संगम पुलाजवळच्या आरटीओत गेलो, फी मी भरली. अर्धा दिवस मोडला.

आणि 'कितीजण कायमचे सुटले?' हे केंद्रात विचारू नकोस. माणूस घसरतो, पुन्हा येतो, त्यानं तुझे पैसे वाया जात नाहीत. हासुद्धा नंतर दोनदा घसरला. परवा मार्केट यार्डात दिसला, कांद्याच्या गोण्या उतरवून घेत होता. मला बघून हात केला आणि परत गोण्या मोजायला लागला.

तुझा,
काका