मेकअप काउंटरवरचे टेस्टर स्वच्छ कसे ठेवायचे?

सांगलीत मारुती रोडला आमचं छोटं दुकान आहे, म्हणून अनुभवाचं सांगते. लिपस्टिक थेट ओठाला लावू द्यायचीच नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असूदे, हातावर लावून दाखवायची, आणि नंतर वरचा थर टिश्यूने पुसून ७० टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून वाळू द्यायचं. मस्कारा नि लिपग्लॉस मात्र साफ होतच नाहीत, वापरलेला ब्रश परत आत गेला की संपलं, तिथं एकदाच वापरायचे ब्रश ठेवा, बुडवला की लगेच कचऱ्यात. टेस्टर उघडल्याची तारीख स्टिकरवर लिहा, मस्कारा तीन महिन्यांनी टाकाच. गौरी-गणपतीच्या गर्दीत झाकणंच गायब होतात ओ, मी आता दोऱ्याने बांधलीत. काउंटरखाली टिश्यू अन डस्टबिन हवाच.