अपिलात नवा साक्षीदार देता येतो का?

प्रश्न : माझ्या पुतण्याला अमेरिकेतील न्यू जर्सी येथील संघीय न्यायालयात ज्यूरीने दोषी ठरवले असून शिक्षाही झाली आहे. जळगावच्या सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध औरंगाबाद खंडपीठात जसे अपील होते, तसेच तेथे होते का? खटल्यात न आलेला एक साक्षीदार आम्हाला उभा करायचा आहे. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्याकडे सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास ६० दिवस मिळतात. तेथे मात्र निकालाची नोंद झाल्यापासून १४ दिवसांच्या आत अपिलाची सूचना मूळ न्यायालयातच द्यावी लागते, आणि सबळ कारण दाखवल्यास ही मुदत फार तर आणखी ३० दिवस वाढते. अंक छापून येईपर्यंत थांबणे धोक्याचे असल्याने एवढा मजकूर आम्ही आपल्याला टपालाने आधीच कळवला आहे.

न्यू जर्सीची अपिले फिलाडेल्फिया येथील तिसऱ्या सर्किटच्या (म्हणजे संघीय न्यायालयांच्या तिसऱ्या विभागाच्या) अपील न्यायालयात जातात व सामान्यतः तीन न्यायाधीश ती ऐकतात. खरा फरक यापुढे आहे. आपले उच्च न्यायालय पहिल्या अपिलात सगळा पुरावा नव्याने तोलते आणि गरज वाटल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ प्रमाणे जादा पुरावाही घेते. तेथील अपील न्यायालय साक्षीदार ऐकत नाही. पुरावा अपुरा होता असे म्हटले, तर तो सरकार पक्षाला अनुकूल अशा रीतीने वाचूनही कोणतीही समंजस ज्यूरी दोषी ठरवू शकली नसती, इथपर्यंत दाखवावे लागते, आणि हे फार क्वचित साधते. त्यामुळे अपिलाचा भर कायद्याच्या चुकांवर असतो : बेकायदा झडती, ज्यूरीला दिलेल्या चुकीच्या सूचना, शिक्षेच्या हिशेबातील चूक. त्यातही वकिलाने खटल्यात त्याच वेळी हरकत घेतली नसेल, तर ती चूक उघड व गंभीर असल्याशिवाय न्यायालय सहसा हात घालत नाही. म्हणून खटल्याची शब्दशः नोंद मागवा आणि हरकती कोठे घेतल्या ते वकिलाकडून समजून घ्या.

आपला साक्षीदार खरोखरच नव्याने सापडलेला असेल, तर ज्यूरीच्या निर्णयापासून तीन वर्षांच्या आत मूळ न्यायालयाकडे नव्या खटल्याची मागणी करता येते. तो पूर्वीच ठाऊक होता आणि केवळ बोलावला गेला नाही, तर ती मागणी टिकणे कठीण. वकिलाच्या अशा हलगर्जीपणाबद्दलचा अर्ज वेगळा असून शिक्षा अंतिम झाल्यापासून साधारणतः वर्षभरात तो करावा लागतो.

फीसाठी शेत गहाण टाकण्याची घाई मात्र कृपया करू नका. पुतण्याची ऐपत नसल्याचे न्यायालयाला पटले, तर १९६४ च्या कायद्यानुसार अपिलासाठीही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो.