जुन्या सुट्या भागांतून घरीच ऑफ-रोड सायकल जोडता येईल का?

हो, नक्की येते. आधी फ्रेम तपासा. हँडलखालचा जोड आणि पेडलचा दांडा ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटजवळचा भाग स्वच्छ पुसून उजेडात बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर ती भेग असू शकते. अशी फ्रेम दगडधोंड्यांच्या वाटेवर नेऊच नका. मग चाकं. नुसतं ‘२६ इंची’ ऐकून टायर घेऊ नका, या नावाखाली वेगवेगळे व्यास खपतात. जुन्या माउंटन बाइकच्या टायरवर बहुधा ५५९ हा आकडा (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये) छापलेला असतो, रिमचाही तोच हवा. टायर आणि फ्रेममध्ये बोटभर जागा ठेवा, नाहीतर चिखल अडकून चाक जाम होतं. ब्रेकच्या केबल, पॅड आणि चेन मात्र नवीनच घ्या.