आजीचा मोगरा एडिसनला कसा न्यावा?

"ताई, वाईचं आमचं जुनं घर काकांनी विकायचं ठरवलंय. दिवाळीनंतर ताबा द्यायचा आहे. मागच्या अंगणात आजीने लावलेला मोगरा, कढीपत्ता, ब्रह्मकमळ आणि तुळस आहे. आजी जाऊन सहा वर्षं झाली. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, ऑगस्टअखेर दोन आठवडे येतेय. मैत्रीण म्हणते, फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाक, कोण बघतंय! माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला पणजीचं झाड आपल्या घरी हवंय. काय करू?"

बॅगेत टाकू नका. बाकी सगळं सांगण्याआधी एवढं ऐका, कारण तुमच्या यादीत कढीपत्ता आहे.

कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर सिट्रस सायला नावाची कीड अंडी घालते. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना ती चांगली ठाऊक आहे. अंडी इतकी बारीक की पान उलटंपालटं करून बघितलं तरी दिसत नाहीत. ही कीड ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते आणि त्या रोगावर औषध नाही. फ्लोरिडात २००५ मध्ये तो सापडला. त्याआधी, २००३-०४ च्या हंगामात, तिथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या २ कोटींच्याही आत आल्या. वादळांचाही त्यात हात आहे, पण बागा पोखरल्या त्या या रोगाने. म्हणून अमेरिकेत कढीपत्त्याचं रोप, फांदी किंवा ताजी पानं प्रवाशाच्या सामानातून चालत नाहीत. न सांगता आणलेल्या अशा मालाला पहिल्याच वेळी हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी आजीच्या झाडाच्या फांदीवरून कुणाची तरी बाग जावी हे तुम्हाला नको असेल, आजीलाही नको असतं.

हे पत्र इतर देशांतली मंडळीही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ प्रत्येक रोपाला आणि लावायच्या बियांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या पिशवीतल्यासुद्धा. न्यूझीलंडमध्ये अशी वस्तू जाहीर केली नाही तर विमानतळावरच ४०० डॉलर भरावे लागतात. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी आपापल्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर झाडाचं शास्त्रीय नाव टाकून बघा. मराठी नावाने काही सापडणार नाही.

आता खरी घाईची गोष्ट, आणि ती एडिसनची नाही, वाईची आहे. तुमच्या मोगऱ्याला आपल्याकडे सहसा बी धरत नाही. तो फांदीवरूनच वाढवतात, पिढ्यान् पिढ्या. म्हणजे आजीच्या अंगणातला मोगरा हा कुठल्या जुन्या मोगऱ्याचा नातू-पणतू नव्हे. ज्या झाडाची फांदी आजीला मिळाली तेच ते झाड आहे, फक्त जागा बदललेली. आणि तेच झाड दिवाळीनंतर जेसीबीखाली जाणार आहे. ते तुमच्याकडे येण्याआधी ते राहायला हवं.

त्यासाठी पावसाळ्यासारखा काळ नाही. काकांना याच आठवड्यात फोन करा आणि दाबकलम करायला सांगा. जमिनीलगतची लांब, गेल्या वर्षीची फांदी निवडायची. ती वाकवून जिथे मातीला टेकेल तिथे डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, खाली अंगठ्याएवढ्या लांबीची साल अलगद काढायची. तो भाग तीन-चार बोटं मातीत दाबून वर दगड ठेवायचा. शेंडा बाहेर मोकळा ठेवायचा. माझी आई वर जात्याचा फुटका तुकडा ठेवायची आणि बजावायची, "आता हात लावायचा नाही." मी सात वर्षांची होते, मला राहवेना. रोज तुकडा उचलून बघायचे. तिसऱ्या आठवड्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं दिसली आणि माझ्या बोटांनीच तुटली. आईने काही न बोलता दुसरी फांदी वाकवली. तेव्हा काकांना हेही सांगा की उकरून बघू नका. साधारण दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. मग फांदी आईझाडापासून कापायची, पण लगेच उचलायची नाही. दोन आठवडे तिथेच राहू द्यायची आणि मग कुंडीत घ्यायची. तुम्ही ऑगस्टअखेर याल तेव्हा कलम कापण्याच्या बेतात असेल. ते मुलीच्या हाताने कापून घ्या.

तीन-चार फांद्या दाबा, एकीवर थांबू नका. एक कुंडी काकांच्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत, एक पुण्यातल्या आत्याकडे, एक शेजारच्या काकूंना. आत्या असतीलच असं धरून लिहितेय. नसल्या तर मामा, चुलतभाऊ, कुणीही, पण वेगवेगळ्या घरांत. सतराव्या शतकाच्या अखेरीस टस्कनीचा ड्यूक कोसिमो तिसरा याच्या बागेत गोव्याचा भरगच्च मोगरा होता, आणि त्याची फांदी बाहेर जाऊ नये म्हणून तो पहारा ठेवायचा, असं सांगतात. आपल्या बायकांनी नेमकं उलट केलं. ओटीत घालून, डालड्याच्या डब्यात लावून, एसटीत मांडीवर धरून त्यांनी फांद्या वाटल्या, म्हणून आज त्या आहेत. एकाच कुंडीत राहिलेलं झाड एका उन्हाळ्यात, एका सुट्टीत पाणी राहून गेल्याने संपतं.

आणि विचारा, आजीकडे तो आला कुठून. आपली वंशावळ बापाच्या नावाने लिहिली जाते, अंगणातली झाडं मात्र बहुतेक सुनांच्या माहेरून आलेली असतात आणि त्याची नोंद कुठेच नसते. आजीचं माहेर कोणतं होतं, फांदी कुणी दिली, कोणत्या सणाला दिली, हे आत्यांना किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीला आठवत असेल. फोनवर बोलताना रेकॉर्ड करून ठेवा. झाडाचे फोटो तर काढालच.

ब्रह्मकमळाबद्दल थोडं वाईट वाटेल असं सांगावं लागतंय. आपल्या घराघरांत असतं ते हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे आणि आपण ज्याला पान म्हणतो तो त्याचा चपटा खोडाचा भाग. यामुळे त्याचं मोल कमी होत नाही. आमच्या आळीत ते फुलायच्या रात्री दहा-साडेदहाला निरोप यायचा, सगळे मसाला दूध घेऊन गच्चीत जमायचे, कुणी निरांजन लावायचं, आणि सकाळी फूल मान टाकून लोंबत असायचं. पण निवडुंगाचं जवळजवळ सगळं कुळ दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावरच्या सीआयटीईएस करारात येतं, त्यामुळे सीमेपार न्यायला त्याला आरोग्य प्रमाणपत्राखेरीज आणखी कागद लागतात. एका पानासाठी एवढा खटाटोप करू नका असं माझं मत आहे. वाईचं पान आत्यांकडे लावा: कापलेली कड आठवडाभर सावलीत सुकू द्या, मग भुसभुशीत मातीत उभं खोचा. तुमच्यासाठी एडिसनमधल्या एखाद्या मराठी किंवा गुजराती घरातून पान मागून घ्या. नक्की मिळेल, हे झाड मागितल्याशिवाय वाढतच नाही.

मोगरा तिथल्या नर्सरीत 'अरेबियन जास्मिन' या नावाने मिळतो. गुलाबासारख्या भरगच्च फुलांचा हवा असेल तर 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' मागा, नावातला ड्यूक तोच. कढीपत्त्याचं रोपही परवाना असलेल्या अमेरिकी नर्सरीतून घ्या. दोघांनाही थंडी सोसत नाही. सप्टेंबरअखेर घरात, दक्षिणेच्या खिडकीत. पण मुलीला ते 'पणजीचं झाड' म्हणून सांगू नका. मुलांना पुढे कळतं, आणि मग खरं होतं तेही खोटं वाटू लागतं. 'पणजीकडे होता तसला मोगरा' म्हणा, आणि पणजीचा आत्यांच्या गच्चीवर आहे हे सांगा. मोगऱ्याचं मुळं धरलेलं कलम रीतसर नेण्याचा मार्गही तपासता येईल: माती पूर्ण धुऊन काढलेली मुळं, मुंबईत शिवडीला असलेल्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्रातून घेतलेलं प्रमाणपत्र, आणि अमेरिकेत उतरल्यावर तपासणी. पण त्या जातीला परवानगी आहे का हे आधी लेखी विचारा, आणि पहिल्याच वर्षी, एकुलत्या एका कलमावर हा प्रयोग करू नका.

राहिली तुळस, आणि इथे मात्र तुमच्या मुलीची इच्छा पुरी होऊ शकते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा थोड्या बियांसाठी वेगळा परवाना असतो, तो ऑनलाइन अर्ज करून मिळतो. त्यात एका पुडीत जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, आणि एका खेपेला ५० पुड्या चालतात. बिया स्वच्छ हव्यात, माती किंवा कीटकनाशक नको, पुडीवर शास्त्रीय नाव हवं. अर्ज आताच करा, परवाना यायला वेळ लागतो. तुळशीचं बी म्हणजे तिची लेक. हुबेहूब आजीचीच तुळस येईल असं नाही, पण रक्ताचं नातं राहील.

बी मातीत खोल पुरू नका, वरच भुरभुरा, त्याला उजेड लागतो. एप्रिलमध्ये घरात, उबदार खिडकीशी पेरा आणि मेच्या मध्यानंतर बाहेर काढा. ऑक्टोबरमध्ये परत आत घ्या, नाहीतर पहिल्या दहिवरात काळी पडेल. तुळशीचं लग्न कार्तिकात येतं, म्हणजे ते तुमच्या दिवाणखान्यातच लागेल. ऊस नाही मिळाला तर मक्याचं ताट उभं करा.

काकांना फोन कराल तेव्हा मंजिरीचंही सांगा. हिरवी खुडायची नाही. झाडावरच तपकिरी, कोरडी झाली की उन्हाच्या दिवशी दुपारी पांढऱ्या कागदावर चोळायची. मोहरीहून बारीक, काळपट दाणे पडतील. फुंकर हलकी घालायची, नाहीतर बीही उडून जातं.