गाडीची विचारपूस : एबीएस आहे, मग बर्फात चिंता नाही ना?

प्रश्न : जानेवारीत आम्ही चौघं पुण्याहून गाडी घेऊनच मनालीला जायचं म्हणतोय, जमलं तर पुढे अटल टनलमधून सिस्सूपर्यंत. गाडी २०२१ ची हॅचबॅक आहे, टायर अजून कंपनीचेच. मुलगा म्हणतो, बाबा एबीएस आहे, टेन्शन घेऊ नका. मेहुणे म्हणतात, बर्फात ब्रेक दाबत-सोडत राहायचं, एकदम दाबून ठेवायचा नाही. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मेहुण्यांचा सल्ला मारुती ८०० ला एकदम बरोबर होता, पण तुमच्या गाडीला नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) सक्तीचं आहे, आणि ते दाबणं-सोडणं हेच तर एबीएस स्वतः करतं, तेही सेकंदाला कितीतरी वेळा. प्रत्येक चाकापाशी सेन्सर असतो, एखादं चाक लॉक व्हायला (म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरायला) लागलं की तेवढ्याच चाकाचं ब्रेक प्रेशर कमी होतं, चाक फिरायला लागलं की परत वाढतं. तुम्ही वरून पायाने पंपिंग केलंत तर त्याच्या कामात खोडाच. जोरात दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरतं, खालून खर्रखर्र आवाज येतो, आणि नेमकं तेव्हाच बरेच जण काहीतरी तुटलं समजून घाबरतात आणि पाय काढतात! म्हणून निघायच्या आधी एखाद्या मोकळ्या मुरमाच्या मैदानात, मागेपुढे कोणी नाही बघून, तीसच्या स्पीडला कचकन ब्रेक मारून ती थरथर एकदा अनुभवून घ्या.

आता चिरंजीवांबद्दल. एबीएस ग्रिप तयार करत नाही हो, टायरकडे जेवढी आहे तेवढीच वापरतं. कोरड्या डांबरावर ४० च्या स्पीडला ब्रेक लागल्यावर गाडी साधारण ८ मीटरमध्ये थांबते, गुळगुळीत बर्फावर तेच अंतर ६० मीटरच्या पुढे जातं, एबीएस असो नसो. उलट ताज्या भुसभुशीत बर्फात किंवा खडीवर एबीएसवाली गाडी कधीकधी जास्तच लांब जाते, कारण लॉक झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग जमवून त्याला अडतं आणि फिरणारं चाक त्याच्यावरून निघून जातं. मग उपयोग काय? तर ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं, गाडी दरीकडे न जाता वळवता येते. घाटात ही काही छोटी गोष्ट नाही.

खरा प्रश्न टायरचा आहे. आपले नेहमीचे टायर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतात, रबर रस्ता धरत नाही. विंटर टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण असते, पण एका ट्रिपसाठी तो खर्च कोणी करत नाही आणि मीही करा म्हणणार नाही. टायरवर चढवायच्या बर्फाच्या चेन मात्र घ्या, तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर) असणार तेव्हा पुढच्या चाकांना, स्पीड चाळीसच्या आत, कोरडा रस्ता आला की लगेच काढायच्या, आणि लावायची प्रॅक्टिस इथे पार्किंगमध्येच करा, तिथे उणे तापमानात बोटं चालत नाहीत. हवाही तिथे गार टायरवर परत चेक करा, तापमान दर ५-६ डिग्रीने उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते. उताराला सेकंड किंवा फर्स्ट गिअर. रात्री पार्क करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, हँडब्रेक गोठून अडकला तर सकाळ त्यातच जाते.

मला विचाराल तर गाडी मनालीत ठेवा आणि सिस्सूला लोकल फोर बाय फोर टॅक्सीने जा. तो टनल ९ किलोमीटरचा, ३,००० मीटरच्या वर, आत रस्ता कोरडा म्हणून नकळत स्पीड चढतो आणि बाहेर पडल्या पडल्या सावलीतला काळा बर्फ, जो ओल्या डांबरासारखाच दिसतो. शिवाय बर्फ पडला की पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच पुढे सोडतात.

प्रश्न : माझ्या १५० सीसी बाइकला एबीएस आहे तरी परवा सकाळी थंडीत बाणेरला वळणावर ब्रेक मारला तर मागचं चाक सरकलं. एबीएस बिघडलंय का?
– एक वाचक, औंध

उत्तर : बहुतेक नाही. या साइजच्या बऱ्याच बाइकना सिंगल चॅनल एबीएस असतं, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं तुमचं तुम्हालाच सांभाळायचंय. त्यात सकाळचे गार टायर, आणि खोदकाम बुजवल्यावर कडेला पडलेली बारीक खडी (ती आपल्याकडे बाराही महिने!). आणि ड्युअल चॅनल (दोन्ही चाकांना) असतं तरी साधं एबीएस गाडी वळणात कललेली असताना फारसं वाचवत नाही, म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. डॅशवरचा एबीएसचा पिवळा दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतोय ना तेवढं बघा, विझत नसेल तर मग सेन्सर दाखवून घ्या.