मोगली एरंड, रतनजोत आणि ‘बिनविषारी’ जट्रोफा

प्रश्न असा आहे: जट्रोफाला मराठीत नेमके काय म्हणावे? मोगली एरंड, चंद्रज्योत, रतनजोत आणि जमालगोटा ही एकाच वनस्पतीची नावे आहेत का? आणि एकीकडे ‘विषारी’ म्हटलेल्या या झाडाचा ‘बिनविषारी वाण’ असतो, याचा अर्थ कसा लावायचा?

ज्या झाडापासून जैवइंधन करता येईल म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षे संशोधन चालू आहे, त्याचे शास्त्रीय नाव जट्रोफा कर्कस. त्याला मराठीत मोगली एरंड, रानएरंड किंवा चंद्रज्योत म्हणतात. ‘मोगली’ या विशेषणावरून ते मोगलांनी आणले असे समजू नये. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले असून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आफ्रिका आणि आशियात पसरले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘जट्रोफा’ हे नाव लिनियसने 1753 मध्ये रूढ केले. ग्रीक भाषेतील ‘वैद्य’ आणि ‘पोषण’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे. ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात त्या कसाव्यालाही लिनियसने त्या वेळी याच प्रजातीत ठेवले होते, ही गोष्ट या नावाबरोबर लक्षात ठेवण्यासारखी आहे. (वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे अनेक जातींचा गट. हिंदीत ‘प्रजाति’ म्हणजे आपली ‘जाती’. हिंदीतून मजकूर उचलताना हा घोटाळा हमखास होतो.)

माझा खरा आक्षेप ‘एरंड’ या शब्दावर आहे. एरंड आणि मोगली एरंड एकाच कुळातले असले तरी त्यांच्या प्रजाती वेगळ्या आहेत, आणि जवळून पाहिले तर त्यांत गफलत होण्याचे कारण नाही. एरंडाचे पान हाताच्या पंजासारखे खोल कापलेले आणि दातेरी असते, व त्याचा देठ पानाच्या कडेला न जुळता आतल्या बाजूला जुळतो. मोगली एरंडाच्या पानाला उथळ असे तीन ते पाच खंड असतात आणि बुडाशी हृदयासारखी खाच असते. पान खुडताच चीक येतो, तो वाळला की तपकिरी होतो आणि कपड्यावर डाग पाडतो. एरंडीची बी गुळगुळीत व ठिपक्याठिपक्यांची, तर मोगली एरंडाची काळी, खरबरीत, बारीक चिरा असलेली आणि सुमारे दोन सेंटिमीटर लांब.

नावातल्या साधर्म्यामुळे धोका होतो तो मात्र तेलात. एरंडीतले रिसिन हे प्रथिन अत्यंत जहाल असले, तरी ते तेलात विरघळत नाही. बीतून तेल काढल्यावर ते पेंडीत राहते, आणि म्हणूनच नीट काढलेले एरंडेल रेचक म्हणून पोटात घेता येते. मोगली एरंडाच्या बीत कर्सिन नावाचे, रिसिनसारखेच पेशीतील प्रथिननिर्मिती थांबवणारे प्रथिन आहे. पण रिसिनला दोन साखळ्या असतात आणि त्यांतली एक त्याला पेशीत शिरायला मदत करते. कर्सिनला ती दुसरी साखळी नाही, त्यामुळे ते पुष्कळ सौम्य ठरते, शिवाय ओलसर उष्णतेने निकामी होते. या बीचे मुख्य विष निराळेच आहे: फॉर्बॉल एस्टर. ही संयुगे उष्णतेला दाद देत नाहीत आणि तेलात विरघळतात, म्हणून तेल काढताना त्यांचा मोठा भाग तेलातच उतरतो. ‘एरंडाचे तेल चालते, मग मोगली एरंडाचे का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, आणि ते नावातून कुठेच सूचित होत नाही.

याच गटातली फॉर्बॉल एस्टरे जमालगोट्याच्या, म्हणजे जयपाळाच्या, तेलातही असतात. जमालगोटा हे क्रोटॉन टिग्लियम नावाचे स्वतंत्र झाड आहे, त्यामुळे जट्रोफाला जमालगोटा म्हणणे चूकच. पण या चुकीच्या मुळाशी एक अस्सल निरीक्षण असावे असे मला वाटते. दोन्हींचे तेल तीव्र रेचक, दोन्हींचे तेल कातडीवर लागले तर दाह करणारे. विषाच्या जातकुळीने पाहिले तर मोगली एरंड हा एरंडापेक्षा जमालगोट्याला जवळचा आहे.

‘रतनजोत’ हा शब्द मात्र मी टाळावाच म्हणेन. हिंदीत तो जट्रोफासाठी चालतो; पण ज्या मुळांपासून लाल रंग काढतात, त्या संपूर्णपणे वेगळ्या कुळातल्या वनस्पतींनाही रतनजोतच म्हणतात. तो रंग पदार्थांत वापरला जातो, जट्रोफाची बी मात्र खाल्ल्यास ओकाऱ्या, पोटदुखी आणि जुलाब होतात. तिची चव वाईट नसते, त्यामुळे मुले ती सहज खातात. खाण्याच्या वस्तूचे आणि विषारी बीचे नाव एकच असणे ही साधी गैरसोय नव्हे.

आता ‘बिनविषारी’विषयी. मेक्सिकोतील पापांत्ला परिसरात अशी झाडे आहेत की त्यांच्या बिया भाजून खाल्ल्या जातात. जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठात हरिंदर मक्कर आणि क्लाउस बेकर यांनी जट्रोफाच्या विषारी व खाद्य वाणांचा तुलनात्मक अभ्यास केला. खाद्य वाणात फॉर्बॉल एस्टरे जवळपास नसतात, पण त्यात कर्सिनसारखी प्रथिने मात्र असतात. मुख्य विष कोणते, याचा निर्वाळा देणारा हा महत्त्वाचा पुरावा. म्हणून येथे ‘बिनविषारी’चा अर्थ ‘फॉर्बॉल एस्टर नसलेला’ इतकाच घ्यावा. कच्ची बी निर्धोक आहे, असा नव्हे.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे प्रक्रिया करून विष काढलेली पेंड. तिच्यासाठी ‘निर्विषीकृत’ हा शब्द जड वाटला तर सरळ ‘विष काढलेली पेंड’ लिहावे, पण ‘बिनविषारी पेंड’ लिहू नये. एकात मुख्य विष मुळातच नाही, दुसऱ्यात ते होते आणि कितपत गेले हे तपासावे लागते. नुसती उकडलेली पेंड तर या दोन्हींत बसत नाही, कारण उकडल्याने कर्सिन निकामी होते आणि फॉर्बॉल एस्टरे तशीच राहतात.

शेवटी लेखनाबद्दल. बियांतले ते ‘कर्सिन’ आणि चिकातले प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) ते ‘कर्केन’. ही दोन नावे एकमेकांच्या जागी छापलेली मी पाहिली आहेत, तेव्हा जोडाक्षर तपासूनच लिहावे. झाडासाठी पहिल्या उल्लेखात ‘मोगली एरंड (जट्रोफा कर्कस)’ आणि पुढे नुसते ‘जट्रोफा’ लिहावे, आणि तेलाला मात्र कधीही ‘एरंडेल’ म्हणू नये.